सायबिणीचे डोळे

आमचे काका मिरवणुकीत उलटे चालायचे. बाकीची माणसं पुढे तोंड करून चालतात. हे मागून लोकांच्या खांद्यांवरून येणाऱ्या मूर्तीकडे तोंड करून, एकेक पाऊल मागे टाकत, चर्चच्या आवाराला अख्खी फेरी मारायचे. वाटेत कुणाच्या ना कुणाच्या पायावर पाय पडायचाच. एकदा एका बाईच्या साडीच्या निऱ्यांवर पडला आणि तिने चारचौघांत त्यांना असं झापलं, की मलाच मेल्याहून मेल्यासारखं झालं. काकांनी मान वळवली नाही. मूर्तीवरची नजर न काढता म्हणाले, "सॉरी हां बाई, पण ती डावीकडे झुकतेय."

ती म्हणजे सायबीण. सायबीण म्हणजे मरियामाता. काका वसईकडचे ख्रिस्ती, त्यांच्या तोंडी हाच शब्द. मी पेणचा, गणपतीच्या कारखान्यात वाढलेला. बहारीनला आलो तो स्प्रे पेंटर म्हणून, मीना सलमान बंदराजवळच्या एका वर्कशॉपमध्ये. तिथे आम्ही प्रदर्शनांचे स्टॉल बनवायचो, दुकानांची काउंटरं, सखीरला गाड्यांच्या शर्यती असल्या की तिथल्या पाट्या नि मांडव. काका लाकूडकामाचे फोरमन. पाकिस्तानी कामगार त्यांना चाचा म्हणायचे, मी काका म्हणायचो. ते मला पहिल्या दिवसापासून पेणकर म्हणाले. माझं खरं नाव त्यांना ठाऊक होतं की नाही, याची मला आजही खात्री नाही.

आमची ओळख जमिनीवर झाली, अगदी खरोखरच्या जमिनीवर. मी एका मोबाइलच्या दुकानाचं काउंटर रंगवून, शेवटचा हात मारून, मोठ्या ऐटीत उभा होतो. साठीकडे झुकलेला हा माणूस आला, भुशाच्या ढिगात मांडी घालून बसला आणि खालून वर बघायला लागला.

"खाली बस," मला म्हणाले.

"काका, गिऱ्हाईक काय जमिनीवर बसून मोबाइल घेणार आहे?"

"पोर कुठून बघतं? व्हीलचेअरवरचा माणूस कुठून बघतो? बस म्हणतो ना."

बसलो. काउंटरच्या कडेखालची अख्खी पट्टी रंगवायची राहिली होती, पांढरीफटक. मी जीभ चावली. काका उठले, पँट झटकली आणि "यल्ला, चल, पेणकर" म्हणून निघून गेले. त्यानंतर दहा वर्षं त्यांनी मला जमिनीवर बसवलं. स्टॉल असो, कपाट असो, साधी पाटी असो, काम झालं की "खाली बसून बघ." माझ्या गुडघ्यांची पार वाट लावली त्या माणसाने.

दुसरी खोड टकटक करायची. दिसेल त्या वस्तूवर बोटाची पेरं मारून कान लावायचे. दार, टेबल, कलिंगड, एकदा तर कंपनीच्या साहेबाच्या नव्या गाडीचं बॉनेट. फायबरची वस्तू असली की तोंड वाकडं करायचे. "रिकामी बाटली," एवढाच शेरा. माझं निम्मं काम फायबरवरचं, त्यामुळे मला ते फार लागायचं. एकदा चिडून म्हटलं, "काका, तुमच्या चर्चमधले देव तरी भरीव आहेत का?" मला वाटलं गप्प बसतील. कसले बसतात! डब्यातला बांगडा बाजूला ठेवून त्यांनी मला तासभर ऐकवलं.

पूर्वी म्हणे देव जड असायचे. दगडाचे, सबंध ओंडक्याचे. ते वेदीवर उभे राहायचे आणि लोक त्यांच्याकडे जायचे. मग लोकांना वाटलं, जो अंथरुणाला खिळलाय त्याने काय करायचं? गावात साथ आलीय, शेतावर कीड पडलीय, तर देवाने बाहेर यायला नको का? पण ओंडका उचलणार कोण? म्हणून कारागिरांनी मूर्ती पाठीमागून पोखरायला सुरुवात केली. त्याहून हुशार निघाले ते, ज्यांनी फक्त डोकं आणि दोन हात कोरले आणि खाली लाकडी पट्ट्यांचा सांगाडा केला. वरून कपडे घातले की झाली मूर्ती उभी. सणाला निळा झगा, गुड फ्रायडेला काळा. पोर्तुगीजांच्या जहाजांतून ही युक्ती आपल्याकडे आली, पण डोकी थोड्याच दिवसांत गोव्यात, वसईकडे आपलेच सुतार कोरायला लागले.

"म्हणून तिचं नाक बघ. आहे का युरोपातल्या बाईचं? आमच्या आगाशीच्या बाजारात दहा बायका दाखवतो तुला तशा. मूर्ती म्हणजे काय रे? मुंडकं नि दोन हात. बाकी सगळं सुतारकाम."

"शिव शिव! मुंडकं काय म्हणता देवीला?"

"मग काय म्हणू, हेड ऑफिस?"

आणि वर, "तुमच्या मराठ्यांनी वसई घेतली तेव्हा आमच्या खापरपणजोबांनी संताचं एक मुंडकं मासळीच्या पाटीत घालून पळवलं," असंही काका सांगायचे. मी म्हणायचो, पाटीत बोंबील होते की पापलेट? तेवढ्यावर दोन दिवस अबोला धरायचे.

इथली सायबीणसुद्धा अशीच, सांगाड्यावरची. दुःखी माता. गुड फ्रायडेला पुढे मेलेल्या येशूचा पुतळा आणि मागून ही आई, काळ्या झग्यात, हात जुळवलेले. फार वर्षांपूर्वी इथे नोकरीला आलेल्या कुणा गोंयकाराने तिला ट्रंकेतून आणलं होतं, डोकं उशीच्या अभ्र्यात आणि हात मोज्यांत घालून. कस्टमवाल्याने अभ्रा उघडून विचारलं, हे कोण? तो म्हणाला, माझी आई. कस्टमवाल्याने अभ्रा परत बांधून दिला. खरं-खोटं काका जाणोत.

खालचा सांगाडा वाळवीने खाल्ला तेव्हा काकांनी नवा केला, आणि तेव्हापासून ते तिचे राखणदार झाले. कपाटाची किल्ली गळ्यातल्या क्रुसाच्या दोरीला. गुड फ्रायडेच्या आठवडाभर आधी खांदेकऱ्यांना वर्कशॉपमध्ये बोलवायचे आणि दाराच्या चौकटीशी उभं करून प्रत्येकाच्या खांद्याची उंची पेन्सिलीने मांडायचे. बुटक्याच्या खांद्यावर टॉवेलाच्या घड्या किती, उंचाने गुडघा किती वाकवायचा, सगळं कागदावर. कमिटीने एकदा सुचवलं की मूर्तीला चाकं लावू, माणसांना त्रास नको. काका तिथल्या तिथे भडकले. "चाकांवर भाजीची गाडी जाते. खांदा दुखला नाही तर मिरवणूक कसली? फिरायला गेलात तुम्ही."

तिला कपडे घालण्याचं काम बायकांचं. पुरुषांनी बाहेर जायचं. काका बाहेर जायचे नाहीत, कारण त्यांचा सांगाड्यावर विश्वास पण बायकांवर नाही. एखादी पट्टी निसटली तर? म्हणून ते भिंतीकडे तोंड करून अर्धा अर्धा तास उभे राहायचे, शिक्षा झाल्यासारखे. मी हसलो. म्हटलं, "काका, आत नुसत्या पट्ट्या आहेत, तुम्हीच ठोकल्यात."

"पट्ट्या मी ठोकल्या. बाईमाणूस देवाने केलंय. गप्प बस."

आता ज्यासाठी हे सगळं लिहायला बसलो ते सांगतो. इतकी वर्षं टाळलं, अजून टाळत बसलो तर माझ्यासारखा नालायक मीच.

काकांचं ते बहारीनमधलं शेवटचं वर्ष. जूनमध्ये व्हिसा संपणार होता आणि कंपनी वाढवून देणार नव्हती. बायको गावी केव्हाच वारली होती, मुलगा-सून वसईला वाट बघत होते. त्यांना जायचं वाईट वाटत नव्हतं. काळजी होती ती एकाच गोष्टीची. मेणबत्त्यांच्या धुराने सायबिणीचा चेहरा काळवंडला होता, मानेला तडा गेला होता, आणि कमिटी म्हणत होती की आता नवी फायबरची आणू. काकांनी हातापाया पडून एक गुड फ्रायडे मागून घेतला. मूर्ती नीट दिसली तर तीच राहील, नाही तर नवी. मला म्हणाले, "पेणकरा, मी गेल्यावर ती राहिली पाहिजे बघ. माझं इथे दुसरं काय आहे?"

गुड फ्रायडेआधीच्या उपासाच्या चाळीस दिवसांतल्या एका शुक्रवारी, सुट्टीच्या दिवशी, ते डोकं आणि हात घेऊन वर्कशॉपमध्ये आले. कमिटीला न विचारता. बर्फ ठेवायच्या थंड पेटीत, टॉवेलमध्ये गुंडाळून. लाकडातला तडा त्यांनी स्वतः भरला. चेहऱ्याचं काम मला दिलं. एका डोळ्यात मोतीबिंदू उतरला होता, ऑपरेशन गावी जाऊन करू म्हणत होते. बारीक कामाला त्यांचा हात आता धजत नव्हता. "धूर काढ. गालाला हलका हात दे. तुला कळतं चेहऱ्यातलं," म्हणाले आणि दुपारच्या प्रार्थनेला चर्चमध्ये निघून गेले.

तुला कळतं चेहऱ्यातलं. हे वाक्य मला चढलं.

पेणच्या कारखान्यात मी आठ वर्षं काढली. माती मळली, साचे भरले, अंगाचा रंग, पितांबर, सोनेरी, सगळं केलं. डोळे नाही केले. डोळ्यांना आम्ही आखणी म्हणतो. आखणी मालक स्वतः करायचे, सगळ्यात शेवटी, आणि डोळे उघडले की मातीचा देव व्हायचा. समोर उभ्या राहिलेल्या माणसाला वाटलं पाहिजे की गणपती थेट माझ्याकडेच बघतोय. आखणीची परीक्षा तीच. मी आठ वर्षं मालकांच्या मागे उभा राहून बघत होतो. माझा हात तयार होता. "अजून नाही" एवढंच ऐकलं आणि शेवटी वैतागून गल्फचा व्हिसा घेतला.

आणि आता माझ्यासमोर टेबलावर, माझ्या डोळ्यांच्या उंचीवर, हा चेहरा. धूर निघाला तसं गालाचं काम दिसायला लागलं, काय सुरेख काम! फक्त डोळे मेले होते. पापण्या अर्ध्या मिटलेल्या, बुबुळं खाली गेलेली, जुना रंग उडालेला. मला वाटलं, करणाऱ्याने आखणी अर्धवट सोडलीय. मला वाटलं, हिला कुणीतरी उघडायला पाहिजे. आणि खरं सांगायचं तर मला वाटलं, आज मला अडवायला इथे कोणी नाही.

पापणीच्या खालच्या कडेवर पातळ पोटीनचा लगदा भरून ती वर घेतली. बुबुळं मधोमध, समोर बघणारी. पांढऱ्यात निळसर झाक, बुबुळात तपकिरी, वर एक चमकता थेंब. पापणीची रेघ एका दमात ओढली. हात जराही हलला नाही. मग टिकावं म्हणून गाड्यांना मारतो तो हार्डनर घातलेला क्लिअर कोट मारला. बाजूला झालो तर ती माझ्याकडे बघत होती. माझ्या अंगावर काटा आला. एवढी वर्षं उन्हातान्हात पत्रे रंगवत होतो, त्या दिवशी पहिल्यांदा वाटलं की आपण कारागीर आहोत.

काका आले तेव्हा मी डोकं गुंडाळून ठेवलं होतं. म्हटलं, "रंग ओला आहे, उघडू नका. चर्चमध्येच बघा." मला त्यांना चकित करायचं होतं. त्यांनी माझ्या पाठीवर थाप मारली आणि दुसऱ्या दिवशी ते बोचकं तसंच कपाटात ठेवलं. गुड फ्रायडेला बायकांनी डोकं बसवलं, झगा चढवला, तोंडावर काळी जाळी सोडली. काका नेहमीप्रमाणे भिंतीकडे तोंड करून उभे. बायका म्हणत होत्या, किती छान दिसतेय, किती तेज आलंय. काकांची पाठसुद्धा खूश दिसत होती. मी दारात उभा राहून छाती फुगवून घेत होतो.

दुपारचं ऊन उतरल्यावर मिरवणूक निघाली. आवार माणसांनी भरलेलं: मल्याळी, मंगळुरी, फिलिपिनो, गोंयकार. आठ जणांनी पालखी उचलली. चर्चवाले तिला वेगळा शब्द वापरतात, मी पालखीच म्हणतो. ती खांद्यावर चढली, एका बाईने जाळी मागे घेतली. काकांनी उलटं पहिलं पाऊल टाकलं, वर बघितलं, आणि थांबले.

मी पण तेव्हाच बघितलं. खालून.

ती कुणाकडेच बघत नव्हती. सगळ्यांच्या डोक्यांवरून, पलीकडच्या इमारतीच्या एसीच्या खोक्यांकडे तिची नजर लागली होती, टक्क. पोर गेलेल्या आईचा चेहरा तो, आणि डोळे दुकानातल्या बाहुलीचे. तेव्हा मला कळलं की तिच्या पापण्या कुणी अर्धवट सोडल्या नव्हत्या. ती खांद्यावर चढून जाण्यासाठी कोरलेली होती. माणसं खाली असणार, म्हणून कोरणाऱ्याने तिला खाली बघायला लावलं होतं. टेबलावर ती मेलेली दिसायची कारण टेबल ही तिची जागाच नव्हती. हे काकांनी मला कधी सांगितलं नाही. दहा वर्षं ज्याला जमिनीवर बसवलं तो निदान एकदा बसून बघेल, असं त्यांनी धरून चाललं असणार. बाकी प्रत्येक फडतूस काउंटरपाशी बसलो. तिच्यापाशी तेवढा बसलो नाही.

खांदेकरी काकांवर आदळता आदळता थांबले. माझ्या शेजारी एक म्हातारी मंगळुरी बाई होती, दर वर्षी पालखीच्या वाटेत उभी राहून सायबिणीशी बोलायची. ती इकडे सरकली, तिकडे सरकली, मान वाकडी करून बघितली आणि रडवेली होऊन सुनेला म्हणाली, "देखती नहीं है. इस बार मेरी तरफ देखती नहीं है."

काकांनी फेरी पूर्ण केली. उलटेच चालले, पण नजर खाली जमिनीवर ठेवून. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच त्यांचा पाय कुणाच्या पायावर पडला नाही.

फेरीनंतर बाजूच्या खोलीत कमिटीची सेक्रेटरीबाई, फादर, दोन-चार माणसं आणि आम्ही दोघं. बाई रागाने लाल झाली होती. "किसने किया ये? किससे पूछ के किया?"

मी दाराशी होतो. माझ्या अंगठ्याच्या नखात अजून तो तपकिरी रंग होता.

"मैंने किया," काका म्हणाले. "मोतिया है ना आँख में. बराबर दिखा नहीं."

मी तोंड उघडलं नाही. पुढे मनाला मी हजार कारणं दिली. म्हटलं, हिंदू माणसाच्या हातात मूर्ती दिली हे कळलं तर काकांनाच जास्त ऐकावं लागेल. म्हटलं, वर्कशॉपच्या मालकापर्यंत गेलं तर दोघांची नोकरी जाईल. सगळं थोतांड. मला भीती वाटली आणि लाज वाटली, आणि एक म्हातारा माणूस माझं ओझं उचलतोय तर मी ते उचलू दिलं. काकांनी गळ्यातली दोरी काढली, किल्ली सोडवली आणि टेबलावर ठेवली. बाईने ती मागितली नव्हती. त्यांनी स्वतःच ठेवली.

गाडीत मी म्हटलं, "काका, मी जाऊन सांगतो त्यांना."

"आता काही बोलू नकोस. खलास." मग गुदैबियाच्या सिग्नलला म्हणाले, "मी कपाटात ठेवताना उघडून खाली बसलो असतो तर कळलं असतं. नाही बसलो. चूक माझीच आहे, पेणकरा."

ते डोळे काढायचा मी प्रयत्न केला. फादरना विचारून काकांनी एकदा डोकं आणलं, मी एका कोपऱ्यात कापसाने थिनर लावलं. हार्डनर हलेना, आणि हलला तिथे खालचा जुना रंगही घेऊन निघाला. काकांनी माझं मनगट धरलं. "मफी, नाही निघत, राहू दे." नवी फायबरची मूर्ती मागवली गेली. जुनं डोकं खोक्यात घालून कपाटावर गेलं. राहिलेले दोन महिने काका चर्चमध्ये सगळ्यात मागच्या बाकावर बसले आणि वर्कशॉपमध्ये मला एकदाही खाली बस म्हणाले नाहीत. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

ते गेले. विमानतळावर मी "काका, ते डोळे" एवढं म्हटलं, तेवढ्यात ते खिसे चाचपत पासपोर्ट शोधायला लागले, आणि पासपोर्ट सापडेपर्यंत माझा धीर गेला. फोनवर सांगायचं ठरवलं. फोनवर त्यांनी केळीच्या बागेचं, मोतीबिंदूच्या ऑपरेशनचं सांगितलं. म्हटलं, समोरासमोर सांगू, पुढच्या सुट्टीत. पुढच्या सुट्टीत बहिणीचं लग्न. त्याच्या पुढच्या सुट्टीत आणखी काही. काका माझ्यावरचा आळ घेऊन तिथे बसलेत हे माहीत असून मी तीन वर्षं काढली. नवी मूर्ती चाकांवरून जाते. मी दर गुड फ्रायडेला आवाराच्या फाटकाशी उभा राहतो आणि आत जात नाही.

गेल्या सुट्टीत शेवटी गेलो वसईला. सुनेने दार उघडलं. म्हणाली, "अहो या, पप्पा तुमचं नाव घेतात. फक्त आता थोडं विसरतात हां, सांभाळून घ्या." काका ओसरीवर खुर्चीत होते, अंगाने निम्मे झालेले. मला बघून दोन मिनिटं गेली, मग चेहरा उजळला. "पेणकर! गुदैबियातला तो चहावाला आहे काय रे अजून?"

"आहे, काका."

"आणि ती?"

"खोक्यात. कपाटावर."

त्यांचा चेहरा पडला. "मी बिघडवली रे तिला. एवढी वर्षं सांभाळली आणि जाता जाता माझ्याच हाताने. कशाला उघडले मी तिचे डोळे? कुणी सांगितलं होतं मला?"

मला आधी वाटलं, सुनेसमोर अजून माझं नाव झाकतायत. मग त्यांच्या डोळ्यांकडे बघितलं. ते काहीच झाकत नव्हते. माझ्यासाठी बोललेलं खोटं त्यांच्या डोक्यात आता खरं होऊन बसलं होतं.

मी खुर्चीपाशी खाली बसलो. त्यांचे दोन्ही हात धरले. "काका, ऐका. तुम्ही हात लावला नाही तिला. मी केलं ते. तुम्ही चर्चला गेला होतात, मी वर्कशॉपमध्ये एकटा होतो. डोळे मी रंगवले. क्लिअर कोट मी मारला. तुम्ही माझ्यासाठी खोटं बोललात. आठवतंय? सेक्रेटरीबाई ओरडत होती, मी दारात उभा होतो. मी काका, मी."

तो माणूस माझ्याकडे बघत राहिला. वाटलं, आठवलं. वाटलं, आता एक कानाखाली देतील. मी ती खायलाच आलो होतो.

त्यांनी माझ्या डोक्यावरून हात फिरवला. "तू चांगला माणूस आहेस, पेणकरा," म्हणाले. "माझ्यासाठी स्वतःवर घेतोस. पण असं नसतं रे. आपलं पाप आपण दुसऱ्याला द्यायचं नसतं."

मी पुन्हा सांगितलं. तारखेनिशी, रंगांच्या डब्यांनिशी, रडत सांगितलं. ते मान हलवत मलाच समजावत राहिले, आणि थोड्या वेळाने खुर्चीतच डोळा लागला त्यांचा.

सून मला फाटकापर्यंत सोडायला आली. म्हणाली, "दर महिन्याला फादर आले की पापांच्या कबुलीत हेच एक सांगतात. फादर म्हणतात, माफ झालं. पण पुढच्या महिन्याला पुन्हा तेच. आज जरा शांत झोपलेत." मग तिने डोळ्याला पदर लावला. "तुम्ही परके असून त्यांच्यासाठी एवढं खोटं बोललात, भाऊ. देव तुमचं भलं करो."

"ताई, ते खोटं नव्हतं हो," मी म्हटलं.

"हो, हो," ती म्हणाली, आणि सुकेळ्यांची पुडी माझ्या हातात दिली.